पाडलेल्या इमारती शोधायच्या कशा: जुन्या वस्तीत हिंडणाऱ्यांसाठी

जुन्या वस्तीत फिरायला निघालेले लोक जे उभं आहे तेच बघतात, आणि त्यात काही चूक नाही, पण त्या वस्तीचा मोठा भाग जे आता उभं नाही त्यात असतो, आगीत गेलेलं, पुरात गेलेलं, रस्ता रुंद करताना गेलेलं, नाहीतर कुणी गुपचूप पाडून वर टॉवर चढवलेलं. अशा गेलेल्या इमारती हुडकायचा नाद लागलाय किंवा लागू घातलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं म्हणजे इमारतीच्या मागे लागू नका, जागेच्या मागे लागा. इमारत जाते पण हद्द सहसा राहते, कारण हद्द म्हणजे मालकी आणि मालकीची इंचभर जागा कुणी सोडत नसतं. भिंत पडली तरी नवी भिंत त्याच रेषेवर उठते. रोममधला पियात्सा नव्होना हा चौक सॅटेलाइटवर बघा, लांबच लांब आणि एका टोकाला गोलाकार. पहिल्या शतकात तिथे सम्राट डोमिशियनचं स्टेडियम होतं, प्रेक्षक बसायचे त्या बांधकामावर पुढे घरं चढली आणि मधली धावायची जागा जी मोकळी राहिली ती आजतागायत मोकळीच आहे. स्टेडियम जाऊन शतकं लोटली, आकार हलला नाही. आपल्याला प्रत्येक गल्लीत हेच शोधायचंय, फक्त लहान प्रमाणात.

आणि लहान प्रमाणात म्हणजे खरंच लहान. अख्खी पेठ, अख्खा वॉर्ड घेऊ नका, एक गल्ली घ्या, दोन्ही बाजूंची मिळून वीस-पंचवीस घरं. त्यातलं प्रत्येक घर आधी काय होतं हे लावता आलं की हात बसतो, आणि मग पुढच्या गल्लीला निम्मा वेळ लागतो.

पहिली चक्कर नकाशा न बघता मारा. आधी नकाशा बघितला की डोळे तेवढंच शोधत बसतात. सकाळी लवकर जा, दुकानांची शटर बंद असतात तेव्हा, कारण दिवसा फलक, छत्र्या, गाड्या यांच्यामागे निम्मी इमारत झाकलेली असते. काय बघायचं? रस्ता सरळ जाता जाता उगाच वळतो का, ते. उगाच काही वळत नाही, तिथे काहीतरी होतं, विहीर, देऊळ, तटाची भिंत, नाला, हटवता न आलेलं कुणाचं घर. गल्ली मध्येच एकदम रुंद होते आणि दहा पावलांवर पुन्हा अरुंद, म्हणजे तिथे एक-दोन घरं रस्त्यात गेली आणि पुढच्याने बहुतेक कोर्टात भांडून आपलं राखलं. सगळे प्लॉट अरुंद आणि मध्येच एक ऐसपैस, तर तिथे मोठा वाडा, शाळा, थिएटर, वखार असं काहीतरी एकहाती मालकीचं होतं का ते नोंदवून ठेवा. पायऱ्या उतरून आत जावं लागणारी दारं बघा, अर्धवट बुडालेल्या खिडक्या बघा: दार खाली गेलेलं नाही, डांबरावर डांबर पडत रस्ता वर आलाय. आणि जोतं बघायला विसरू नका. वर काँक्रीट, टाइल्स, काचा काहीही असो, खालचे दोन-तीन घडीव दगडांचे थर जुनेच ठेवून त्यावर बांधायची पद्धत खूप ठिकाणी दिसते.

आता सामाईक भिंत, हा माझा सगळ्यात आवडता भाग. शेजारचं घर पडलं की उरलेल्या इमारतीच्या उघड्या बाजूवर त्याचा ठसा राहतो, आणि तो फार दिवस दिसत नाही, पत्रे लागतात, होर्डिंग लागतं, नवीन काम सुरू होतं, म्हणून दिसला की त्याच दिवशी फोटो काढायचा, उद्यावर टाकायचं नाही. मग खालून वर सावकाश वाचत जा. चौकोनी भोकांची आडवी रांग दिसली तर तिथे लाकडाची टोकं भिंतीत बसवलेली होती, म्हणजे ती मजल्याची पातळी, आणि दोन रांगांमधलं अंतर म्हणजे मजल्याची उंची. भोकं बारकी आणि जवळजवळ असतील तर कडीपाटाचा, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेला मजला, मोठी आणि लांबलांब असतील तर तुळया किंवा लोखंडी गर्डर. गिलाव्यावर तिरकी, करवतीसारखी रेघ चढत गेलेली असेल तर तिथून जिना जात होता. कोनाडे मोजा, कपाटाच्या फळ्यांच्या खुणा बघा. खोलीखोलीचा रंग वेगळा असतो, खाली निळा, वर पोपटी, मध्ये पांढरा चुना, त्यावरून भिंती कुठे होत्या ते कळतं, आणि काजळीचा उभा पट्टा दिसला तर तिथे चूल किंवा धुराडं. अगदी वर उतरत्या छपराची रेघ असते, तिच्या वरची भिंत उन्हापावसाने काळवंडलेली आणि खालची त्या मानाने स्वच्छ, कारण खालचा भाग इतकी वर्षं कुणाच्यातरी घरात होता. एका भिंतीवरून मजले किती, जिना कुठे, छप्पर कसं, एवढं सगळं मिळतं. फोटो काढताना अगदी समोरून काढा, तिरका नको, आणि फ्रेममध्ये माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू येऊ द्या, म्हणजे पुढे उंची काढता येते.

पडायला आलेल्या घरात मात्र शिरू नका. जिने कुजलेले असतात, आणि शिवाय कुणाचीतरी केस चालू असते, मालक आणि भाडेकरू दोघंही तुम्हाला समोरच्या पार्टीचा माणूस समजतात. बाहेरून दिसतं तेवढं पुष्कळ असतं.

मग नकाशे. ओल्ड मॅप्स ऑनलाइन, डेव्हिड रमसी यांचा संग्रह, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची साइट ही तीन ठिकाणं आधी चाळा, शेवटच्या साइटवर जुना नकाशा आणि आजचं सॅटेलाइट चित्र एकमेकांवर ठेवून फिकं-गडद करता येतं, त्याचं व्यसन लागतं हे आधीच सांगतो. घराघराचा तपशील हवा असेल तर विमा कंपन्यांसाठी केलेले नकाशे सोन्यासारखे. अमेरिकेत सॅनबर्न कंपनीने १८६७ पासून शहरांचे नकाशे काढले, ते आगीचा विमा किती घ्यायचा हे ठरवायला, म्हणून त्यात प्रत्येक इमारत कशाची आहे ते रंगाने दाखवलंय, गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. इमारत बदलली की पूर्ण नकाशा न छापता दुरुस्तीची चिठ्ठी जुन्यावर चिकटवायचे, त्यामुळे एकाच पानावर दोन-तीन काळ एकत्र सापडतात. ब्रिटनमध्ये हेच काम चार्ल्स गोड याच्या कंपनीच्या नकाशांनी केलं, १८८० च्या दशकापासून. लंडनसाठी आणखी एक जबरदस्त गोष्ट आहे, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने कुठलं घर किती पडलं याचे काउंटी कौन्सिलने हाताने रंगवलेले नकाशे, काळा रंग म्हणजे पूर्ण भुईसपाट, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे. दोन जुन्या इमारतींच्या मध्ये एकच १९५० नंतरची चौकोनी इमारत का घुसलीय याचं उत्तर तिथे पटकन मिळतं.

ज्या शहरांचे असे नकाशे नाहीत त्यांनी हेरगिरीच्या उपग्रहांचे आभार मानावेत. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात जगभर काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले केले, ते यूएसजीएस या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर साइटवर शोधता येतात आणि आधीच स्कॅन झालेले फुकट उतरवता येतात. घराची खिडकी दिसणार नाही, पण मोठा वाडा, गिरणी, तलाव, तटबंदी, मोकळं मैदान हे स्पष्ट कळतं.

जुना नकाशा आजच्यावर बसवायचा तर क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. दोन्ही नकाशांत सापडणारे बिंदू निवडा, आणि ते पसरून निवडा, चारही कोपऱ्यांत, एकाच बाजूला सहा बिंदू दिले तर दुसरी बाजू भरकटते. रस्त्यांचे कोपरे घेऊ नका, ते रुंदीकरणात हलतात. देवळाचा, चर्चचा, मशिदीचा कोपरा, पुलाचं टोक, विहीर, असं घ्या. आणि दोन सापळे लक्षात ठेवा. नकाशावर छापलेलं साल म्हणजे मोजणीचं साल नव्हे, मोजणी कधीकधी कितीतरी आधीची असते, कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचा. दुसरा सापळा जास्त वाईट: नियोजनाच्या नकाशावर रस्ता असतो, बाग असते, मार्केट असतं, आणि प्रत्यक्षात त्यातलं काहीच कधी झालेलं नसतं. तुटक रेघ दिसली की सावध.

नावांकडे वळू. दरवाजा गेला, नाव राहिलं, असं किती ठिकाणी झालंय. मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६० च्या दशकात पाडला, त्यातला चर्चगेट हा दरवाजाही गेला, त्या जागेच्या आसपास १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं, आणि नाव मात्र चालत चालत पश्चिमेला रेल्वे स्टेशनला जाऊन चिकटलं. म्हणजे नाव जिथे आहे तिथेच वास्तू होती असं धरून चालू नका. धोबीतलावाला तलाव नाही. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर डचांची भिंत होती, ती १६९९ मध्ये काढली. नावामागची रंगतदार गोष्ट सांगणारे भरपूर भेटतील, ऐकून घ्या, पण वहीत लिहायचं ते हे की नाव कुठल्या सालच्या नकाशावर पहिल्यांदा दिसतं आणि नेमकं कुठे.

घर नंबरांचा घोळ वेगळाच. शिकागोने १९०९ मध्ये जवळजवळ शहरभर घरांचे नंबर बदलले, त्यामुळे त्याआधीचा पत्ता घेऊन तुम्ही आजच्या रस्त्यावर गेलात तर भलत्याच दारात उभे राहाल. प्रत्येक शहरात असं काहीतरी झालेलं असतं. म्हणून जुनी डिरेक्टरी, म्हणजे टेलिफोन यायच्या आधीपासून छापली जाणारी पत्त्यांची पुस्तकं, वाचताना एकटा नंबर बघू नका, शेजारी बघा. अनेक डिरेक्टऱ्यांत दुकानं रस्त्याच्या क्रमाने दिलेली असतात, कोपरा आला की आडव्या रस्त्याचं नाव येतं, त्यामुळे कोपऱ्यापासून तिसरं औषधाचं दुकान, त्याच्या पलीकडे छापखाना, असं मोजत जाता येतं. वर्षावर्षाच्या प्रती लावल्या की एखादं नाव ज्या साली गळतं ते दिसतं, आणि सलग चार-पाच नावं एकदम गळली तर तिथे आग नाहीतर पाडापाडी झाली असं समजून त्या सालची वर्तमानपत्रं काढायची.

सरकारी कागदांत जमिनीच्या मोजणीचा नंबर हा सगळ्यात भरवशाचा धागा. महाराष्ट्रातल्या शहरांत सिटी सर्व्हे नंबर धरा, मालमत्ता पत्रकावर फेरफार क्रमाने असतात, विक्री, वारस, वाटणी, एकत्रीकरण. दोन नंबर एक झाले तर बहुतेक वेळा त्यानंतर मोठी इमारत झाली. या पत्रकावर इमारतीचं वर्णन मिळेल अशी आशा ठेवू नका, ते जमिनीचं कागदपत्र आहे, पण कुणाची जागा हे कळलं की पुढचं दार उघडतं. जुनी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ, पण बघा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा १८८५ चा खंड पेठांची एकेक करून माहिती देतो, आणि पेशव्यांचा बुधवार वाडा जळला १८७९ मध्ये, म्हणजे खंड छापला तेव्हा ती राख ताजीच होती. असं, घटनेच्या जवळचं लिखाण मिळालं तर ते पन्नास वर्षांनी लिहिलेल्या आठवणींच्या वर ठेवायचं.

पण सरकारी कागद पाडणाऱ्यांनी लिहिलेले असतात हे ध्यानात ठेवा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या जागी सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, मुख्यतः कृष्णवर्णीयांची, १८२५ पासूनची, १८५७ मध्ये पार्कसाठी उठवली. उठवायच्या काळात वर्तमानपत्रांनी ती झोपडपट्टी म्हणून रंगवली. जनगणना आणि जमिनीचे दस्त बघितले तर तिथे स्वतःच्या मालकीची घरं, चर्चं, शाळा, आणि २०११ मधल्या उत्खननात घरांचे पाये आणि रोजच्या वापराची भांडी सापडली. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढले, तिथेही अहवालात हवा-उजेड-घाण एवढंच येतं, तिथे कोण राहत होतं हे दुसरीकडे शोधावं लागतं. जिथे जिथे 'अस्वच्छ वस्ती' असा शब्द दिसेल तिथे थांबून विचारा, कुणाच्या मते?

फोटोंबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. काही शहरांनी कामच सोपं केलंय. न्यूयॉर्कने १९३९ ते १९४१ मध्ये कर आकारणीसाठी प्रत्येक इमारतीचा फोटो काढला, ब्लॉक आणि लॉट नंबरची पाटी समोर धरून, आणि ते ऑनलाइन आहेत. पॅरिसमध्ये शहराची फेररचना करणाऱ्या ओस्मानच्या काळात रस्ते फोडण्याआधी शार्ल मारव्हिल या फोटोग्राफरला जुने रस्ते टिपायला लावलं, त्याचे चारशेहून जास्त फोटो आहेत. त्यातले रस्ते भुताटकीसारखे रिकामे दिसतात, माणसं नव्हती म्हणून नव्हे, एक्सपोजर लांब असल्यामुळे चालती माणसं उमटलीच नाहीत. बाकी शहरांत पोस्टकार्डं, लग्नाचे अल्बम, कारखान्यांच्या स्मरणिका यावर भागवावं लागतं.

फोटो हातात आला की आधी तो उलटा तर नाही ना बघा, निगेटिव्ह पलटी छापली जाते. पाट्यांवरची अक्षरं, शर्टाची बटणपट्टी, घड्याळाचे काटे यावरून कळतं. मग तारीख. सिनेमाचं पोस्टर असेल तर फोटो त्याच्या आधीचा असू शकत नाही, एवढंच सिद्ध होतं, पोस्टरं भिंतीवर वर्षानुवर्षं राहतात. पोस्टकार्डावरचा शिक्का म्हणजे पाठवल्याची तारीख, फोटो कितीतरी जुना असू शकतो. तारा, खांब, ट्रामचे रूळ, रस्त्यावरचे दिवे हे जास्त खरं बोलतात.

आणि जागा? फोटो कुठे उभं राहून काढला हे शोधायची एक पद्धत आहे, ती शिकून घ्याच. फोटोत आजही शिल्लक असलेल्या दोन गोष्टी शोधा, एक जवळची एक लांबची, समजा जवळ एका घराचा कोपरा आणि लांब एक मनोरा. फोटोत मनोरा कोपऱ्याच्या किंचित डावीकडे डोकावतोय. आता रस्त्यावर जाऊन डावी-उजवीकडे सरका, मनोरा अगदी तेवढाच डोकावेपर्यंत. थांबलात तिथे त्या दोन्हींमधून जाणाऱ्या एका रेषेवर तुम्ही आहात. आता दुसरी जोडी घ्या, आणि पहिली न बिघडू देता पुढे-मागे सरका. दोन्ही जोड्या जमल्या की फोटोग्राफर उभा होता तिथे तुम्ही उभे, पावलाभराच्या फरकाने. मग मोबाइलवर जुना फोटो समोर धरला की मधली गायब इमारत आत्ता कुठे असती ते सरळ दिसतं. फक्त रस्त्याच्या मधोमध उभे राहत असाल तर कुणालातरी सोबत न्या, गाड्यांवर लक्ष ठेवायला.

माणसांकडे सगळ्यात शेवटी जा असं मी म्हणेन, कारण तोवर तुमच्या हातात नकाशा आणि फोटो असतात. वयस्कर माणसाला 'ही इमारत कधी पडली' विचारलं तर अंदाजे साल सांगतात आणि मग त्यालाच चिकटून राहतात. त्यापेक्षा पाणी कुठून भरायचात, शाळेत जाताना कुठून वळायचात, लग्नाची वरात कुठल्या दारातून निघाली, असं विचारा. सालं घटनांना बांधून मिळतात: पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, मुंबईत १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट, याच्या आधी की नंतर एवढं विचारलं तरी काम होतं. चुकीचा फोटो मुद्दाम दाखवू नका, पण खात्री नसलेला जरूर दाखवा, 'छे, हे आमच्याकडचं नाहीच' हे वाक्य फार उपयोगी असतं. रेकॉर्डिंगला आधी परवानगी, आणि घरातल्या भांडणाच्या, वाटणीच्या गोष्टी ऐकल्या तर त्या तुमच्या वहीतच राहू देत.

एक दुर्लक्षित प्रश्न म्हणजे मलबा कुठे गेला. लंडनच्या युस्टन स्टेशनची भव्य कमान १९६१-६२ मध्ये पाडली, तिचे दगड ली नदीच्या पात्रातला खड्डा बुजवायला टाकले होते, १९९४ मध्ये पुन्हा सापडले. लाकूड, दारं, खांब, घडीव दगड विकले जातात, त्यामुळे तुमच्या गल्लीतला कोरीव खांब कुणाच्या तरी हॉटेलात उभा असू शकतो. पाडकाम करणारे ठेकेदार आणि जुन्या लाकडाचे व्यापारी हे लोक बोलले तर पुष्कळ सांगतात.

आता नोंदी. प्रत्येक जागेला एक पान करा, वर आजचा पत्ता आणि मोजणीचा नंबर, खाली सालवार काय होतं, आणि प्रत्येक ओळीसमोर ते कशावरून. वेगवेगळ्या जातीचे दोन पुरावे जुळले तरच पक्की शाई, म्हणजे नकाशा आणि फोटो, किंवा फोटो आणि दस्त. दोन वेबसाइट म्हणजे दोन पुरावे नव्हेत, एकीने दुसरीवरून उचललेलं असतं. नाहीतर पेन्सिल, आणि पेन्सिलची पानं लाज न बाळगता पेन्सिलचीच ठेवा. दोन पुरावे एकमेकांशी भांडत असतील तर दोन्ही लिहा. स्कॅन केलेल्या फाइलच्या नावात साल, रस्ता आणि कुणाकडून मिळाला हे घाला, नाहीतर वर्षभराने 'इमेज ००४७' कुठली हे तुम्हालाच आठवणार नाही. आणि ज्यांनी अल्बम दिला त्यांना स्कॅनची एक प्रत नेऊन द्या, बहुतेक वेळा तेव्हाच माळ्यावरची दुसरी पेटी खाली येते.